खोबरेल तेलाची जबानी

ज्या मुलखांत बर्फ पडते तेथील लोकांस हिवाळा उलटला की नाही हे ठरविण्याकरिता फारशी बुद्धी खर्चावी लागत नसावी. छपरावरचे बर्फ पागोळ्यांच्या वाटेने गळू लागले, गोठलेल्या तळ्यावर खेळायला जाण्यास आईने मनाई केली आणि दारातल्या पायपुसण्याचा चिखल झाला, की तिकडचा गृहस्थ काय ते समजून चुकतो. आमच्या सदाशिव पेठेत बर्फ हा पदार्थ रसवंतीगृहातल्या पेल्यात तरंगताना तेवढा पाहावयास मिळतो, आणि तोही उन्हाळ्यात. सबब थिजण्याचे व वितळण्याचे हे ऋतुकार्य आमच्याकडे पूर्वापार खोबरेल तेलावर सोपविलेले आहे.

डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात केव्हा तरी एका पहाटे न्हाणीघराच्या कोनाड्यातले हे तेल, आदल्या रात्रीपर्यंत पाण्यासारखे निर्मळ असताना, साबुदाण्याच्या खिरीसारखे कणीदार दिसू लागते. दुसऱ्या दिवशी ते गढुळते. आणि तिसऱ्या दिवशी असे काही पांढरेफेक व घट्ट होऊन बसते की बाटली उपडी धरून तिच्या बुडावर कितीही चपराका मारल्या तरी आतून एक थेंब म्हणून बाहेर पडत नाही. मग खराट्याची काडी, विणकामाची सुई, चिरंजिवांच्या जुन्या कंपासपेटीतले कर्कटक, अशी आयुधे चढत्या क्रमाने वापरून नखाएवढा एक कपटा हस्तगत करावा, तो टाळूवर थापावा, आणि तो वितळून कानामागे ओघळेपर्यंत बादलीतले कढत पाणी कोमट होताना पाहत उघड्या अंगाने पाटावर बसून राहावे, हा आमचा महिना-सव्वा महिन्याचा नित्यक्रम.

हे तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास वितळते असे पदार्थविज्ञानाची पुस्तके सांगतात. परंतु पारा तेवढा खाली आला म्हणून ते लगेच थिजते असे मात्र नाही. आणखी दोन-चार अंश उतरल्यावाचून ते ही गोष्ट मनावर घेत नाही. त्यातून बाटली राहते घरात, आणि आमच्या घराच्या भिंती दीड-दीड हात जाडीच्या. म्हणजे बाहेरच्या घडामोडींची वर्दी तेलास एक-दोन दिवस उशिरा पोचते, आणि पोचल्यावरही त्यावर कार्यवाही करण्यास ते आपला वेळ घेते. माझी सारी हयात महसूल खात्यात अव्वल कारकुनीत गेली असल्यामुळे या स्वभावाविषयी मला लवमात्र परकेपणा वाटत नाही. उलट, जो साक्षीदार सावकाश बोलतो त्याची जबानी फिरत नाही, असाच माझा अनुभव होता. होता, असे म्हणतो. त्याचे कारण पुढे येईल.

यंदा जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यात एके सकाळी मी नेहमीच्या सवयीने बाटली उपडी करून तिच्या बुडावर जोराचा तडाखा दिला, तो पाच-सहा आठवड्यांचा तुंबलेला न्याय एकदम मिळावा तसे अर्ध्या बाटलीएवढे तेल भस्सकन तळहातावर येऊन मनगटावरून कोपरापर्यंत, आणि तेथून फरशीवर उतरले. मी ओरडलो. सौभाग्यवती दाराशी आली, तिने आधी फरशीकडे, मग बाटलीकडे व सर्वांत शेवटी माझ्याकडे पाहिले, आणि निकाल दिला, "थंडी गेली."

एवढ्यावर भागते तर मी हे लिहावयास बसलो नसतो. परंतु आमच्या घरात थंडी गेली हे विधान ऋतुवर्णनात मोडत नसून तो एक हुकूम असतो, आणि त्याच्या पाठोपाठ तामिली येते. रजया उन्हात टाकणे, दुपारनंतर त्यांच्या घड्या घालणे, पितळी कड्यांच्या थोरल्या ट्रंकेत त्या डांबराच्या गोळ्यांसह भरणे आणि ट्रंक माळ्यावर चढविणे, या चारही गोष्टी त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी व्हाव्या लागतात. मी वितळलेल्या तेलाने माखलेल्या अवस्थेतच हरकत नोंदविली. "अगं, दोन दिवस ढगाळ आहे म्हणून ऊब वाटतेय. ढग गेले की थंडी परत फिरेल. आणखी आठ दिवस हे प्रकरण तहकूब ठेवू."

"दरवर्षी तुमचं हेच. मागल्या साली गुढी उतरवली तरी रजई पलंगावर."

ही गोष्ट खरी असल्यामुळे मी युक्तिवाद आवरता घेतला, आणि निदान मालाची रीतसर फर्द व्हावी म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलो. सौ. आत माजघरात ट्रंक भरीत होती व तेथून मोठ्याने जिनसा पुकारीत होती. मी बाहेर त्या नोंदीत होतो. "रजया चार!" रजया, नग ४: पैकी आमची एक, सौ.ची एक, पाहुण्यांच्या दोन. "सोलापुरी चादरी तीन!" "कानटोप्या दोन!" "तुमचा तो खाकी स्वेटर!" प्रत्यक्ष माल न पाहता, बसल्या जागी, दुसऱ्याच्या तोंडून ऐकून तयार केलेल्या अशा दस्तऐवजाला सरकारी भाषेत पंचनामा म्हणतात. मी फर्दीखाली तारीख घालून सही केली व ती ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटविली. मोलकरणीच्या मुलाने ट्रंक माळ्यावर चढविली.

दुसऱ्या दिवशी तळ्यातल्या गणपतीपाशी जमणाऱ्या आमच्या सकाळच्या मंडळींपुढे मी हे प्रकरण अपिलात नेले. मंडळींत एक सेवानिवृत्त पोस्टमास्तर आहेत. त्यांचा उजवा गुडघा थंडीचे काम पाहतो. डावा पर्जन्याकडे वर्ग केलेला आहे. त्यांनी कठड्यावर बसून उजवा पाय दोनदा लांब केला, दोनदा आखडला, आणि डोळे मिटून म्हणाले, "ठणका गेलेला नाही, फक्त खोल गेलाय. थंडी येणार." याउलट आमच्यातल्या वैद्यबुवांचे मत असे पडले की, डिंकाच्या लाडवावरची वासना उडाली की शिशिराचा अंमल संपला असे धरावे, आणि त्यांची स्वतःची वासना परवाच्या मंगळवारी उडाली. अधिक चौकशीअंती असे निष्पन्न झाले की लाडू सोमवारीच संपले होते.

मग कोणी तरी म्हणींचा आधार काढला, आणि अडचण अधिकच वाढली. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात. वस्तुतः तो डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारासच वाढावयास लागलेला असतो आणि संक्रांतीला त्याची फक्त तीळगूळ देऊन अधिकृत दखल घेतली जाते. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते असे आमची आजी सांगे. आता ही महाशिवरात्र २०२४ साली ८ मार्चला होती, २०२५ साली २६ फेब्रुवारीला आणि २०२६ साली १५ फेब्रुवारीला. म्हणजे अधिक मासाच्या कृपेने थंडीची मुदत कधी तीन आठवड्यांनी वाढते, कधी तेवढीच कापली जाते, आणि बिचारी थंडी पंचांग हाती नसताना कोणत्या तारखेला शिव शिव म्हणावे या विवंचनेत सह्याद्रीवर ताटकळत राहत असली पाहिजे. तिसरी म्हण होळीची. होळी जळाली, थंडी पळाली. तीत दोष काढता येत नाही, कारण फाल्गुनी पौर्णिमेस पुण्यात दुपारी पंखा लावावा लागतो. ज्या भाकिताची मुदत इतकी लांबवर टाकलेली आहे ते खोटे ठरण्याची सोयच नसते.

मंडळींतले चौथे सभासद शाळामास्तर होते. ते रोज वर्तमानपत्रातले किमान तापमान एका वहीत उतरवून घेतात आणि ती वही काखेत मारूनच फिरावयास येतात. त्यांनी वही उघडून शिवाजीनगरचा आकडा वाचताच पाषाणहून येणारे एक गृहस्थ उसळून म्हणाले, "तुमचं शिवाजीनगर राहू द्या. आमच्याकडे त्याहून दोन अंश कमी होतं!" आणि मगरपट्ट्याला लेकीकडे राहावयास गेलेले दुसरे एक सद्गृहस्थ खिन्नपणे म्हणाले की त्यांच्याकडे यंदा थंडी आलीच नाही, तेव्हा ती परत येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पुण्यात पेठेगणिक मते वेगळी असतात हे मी जाणून होतो; हिवाळाही पेठेगणिक वेगळा असतो हे त्या दिवशी कळले.

वास्तविक या विषयात पुण्याचा अधिकार मोठा. हिंदुस्थानच्या हवामानखात्याचे मुख्य दफ्तर १९२८ साली सिमल्याहून हलवून पुण्यास आणले गेले, आणि त्या इमारतीला व शेजारच्या चौकाला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. दफ्तराची रवानगी झाली तेव्हा सिमल्याची थोडी थंडीही कागदांबरोबर बांधून आली असावी, कारण पुढे सातच वर्षांनी, जानेवारी १९३५ मध्ये, पुण्याचा पारा १.७ अंशांपर्यंत उतरला व तो नीचांक अद्याप कोणी मोडलेला नाही. १९४४ साली मुख्य दफ्तर दिल्लीस गेले. तेव्हापासून दिल्लीची थंडी वाढली की नाही ते दिल्लीकर जाणोत. आम्ही आमच्या थंडीस मुकलो हे खरे. येथे मी थोडा अन्याय करीत आहे याची मला जाणीव आहे, कारण २०१९ सालच्या फेब्रुवारीत, संक्रांत होऊन जवळजवळ महिना लोटल्यावर, शिवाजीनगरचा पारा एकाएकी सहा अंशांच्या खाली गेला होता आणि मास्तरांच्या वहीत ती नोंद तांबड्या शाईने केलेली आहे. गेलेली थंडी परत येते याचा याहून सबळ लेखी पुरावा मला मिळण्यासारखा नव्हता. मी मास्तरांकडून त्या नोंदीची नक्कल मागून घेतली व घरी दाखविली. सौ.ने ती वाचून तिच्यात लवंगा बांधून ठेवल्या.

अखेर मी शेजारच्यांच्या कन्येस गाठले. ती विद्यापीठात हवामानशास्त्र शिकते आणि तिच्या बोलण्यात 'शक्यता' हा शब्द इतक्या वेळा येतो की तिच्या विद्येविषयी मनात आपोआप आदर उत्पन्न होतो. मी विचारले, "बाळ, थंडी परत येईल का?"

"काका, परत येत नसते ती," ती म्हणाली. "गेलेली गेली. आता येईल ती दुसरी."

मग तिने मला पाटीवर काढून दाखवावे तसे गॅलरीच्या धुळीत बोटाने काढून दाखविले. भूमध्य समुद्राकडून हवेची काही आवर्ते निघतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. ती इराण, अफगाणिस्तान असा मुलूख ओलांडून हिमालयावर चालून येतात. विक्षोभ जवळ येऊ लागला की त्याच्या पुढ्यात आपल्याकडे दक्षिणेचे नाही तर आग्नेयेचे दमट वारे ओढले जातात, आभाळ भरून येते आणि रात्रीची थंडी पळते. कारण जमीन दिवसभर साठविलेली ऊब रात्री आकाशात सोडून देते ती ढग अडवितात व पुष्कळशी परत खाली धाडतात. मग विक्षोभ हिमालयात बर्फ टाकून पूर्वेकडे निघून जातो, आभाळ स्वच्छ होते, आणि त्याच्या पिछाडीस उत्तरेचे कोरडे वारे मोकळे सुटतात. ते पंजाब, राजस्थान करीत खाली उतरले, मध्ये कोणी अडविले नाही, तर चार-दोन दिवसांत आपल्याकडे हुडहुडी.

"म्हणजे," मी म्हटले, "परवा ऊब वाटली ती थंडी गेली म्हणून नव्हे, तर जमिनीने ढगांची रजई पांघरली होती म्हणून?"

"असं म्हणण्याची शक्यता आहे, काका."

"आणि तेवढ्यावरून तुझ्या काकूने आमची रजई काढून घेतली!"

यावर शास्त्राचे काय म्हणणे आहे ते सांगण्यास ती बांधलेली नव्हती, म्हणून हसून आत गेली. मी मात्र त्या धुळीतल्या नकाशाकडे बराच वेळ पाहत उभा राहिलो. इराण, अफगाणिस्तान, पंजाब: हा रस्ता मला ओळखीचा वाटत होता. १७६१ सालच्या १४ जानेवारीस ज्या वाटेने आलेल्या पाहुण्याने आमची दाणादाण उडविली तीच ही वाट आणि महिनाही हाच. तेव्हाही आमची माणसे दक्खनी हवेस सोसतील अशा कपड्यांनिशी पानिपतावर कुडकुडत उभी होती, आणि उबदार पांघरुणे वेळेवर न पोचणे हे त्या पराभवाच्या कारणांपैकी एक असावे असे, माझ्या त्या रात्रीच्या मनःस्थितीत, मला प्रकर्षाने वाटले. वायव्येकडून काही येत आहे एवढे कळल्यावर ट्रंक माळ्यावर चढविणे हे कोणत्याही मराठी माणसाला शोभणारे धोरण नव्हे.

तिने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली होती. सपाट प्रदेशात किमान तापमान दहा अंश किंवा त्याखाली उतरले, आणि शिवाय ते त्या दिवसाच्या सरासरीहून साडेचार अंशांनी तरी खाली असले, तर थंडीची लाट आली असे खात्याच्या दफ्तरी लिहिले जाते. समुद्रकिनाऱ्यास हीच मर्यादा पंधरा अंशांची आहे. अर्थात सरासरीपेक्षा चार अंशांनी कमी असलेल्या पहाटे ज्याचे दात वाजतात तो मनुष्य ते बेकायदा वाजवीत असतो. हे आकडेही जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, चोहोबाजूंनी झडपांच्या एका पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचे. या पेटीची योजना ज्या टॉमस स्टीव्हन्सनने केली तो 'ट्रेझर आयलंड'वाल्या स्टीव्हन्सनचा बाप. बापाने हवा पेटीत कोंडली आणि मुलाने पेटीभर खजिना शोधायला साऱ्या जगाच्या पोरांना समुद्रावर धाडले. पेटीत सात अंश असतात तेव्हा खाली गवतावर त्याहून कमी असतात. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी तर गावातला पारा शून्याच्या चांगला वर असताना गवतावरचे दव गोठून पांढरे होते, कारण थंड हवा जड, ती पाण्यासारखी उतरून खोलगटात साचते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत महाबळेश्वरचे काश्मीर होते आणि पुण्यामुंबईच्या मोटारी ते पाहावयास पोचेपर्यंत त्याचे पुन्हा महाबळेश्वर झालेले असते.

थंडीने परतावे की न परतावे यावर आपलेच नातेवाईक एकमेकांविरुद्ध कसे उभे ठाकतात ते मला याच आठवड्यात दिसून आले. आमचे मेहुणे निफाडचे, द्राक्षबागाईतदार. निफाडचा पारा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजतात, आणि हिवाळ्यात तो मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर वरचेवर येतो, याचा मेहुण्यांना अभिमान व धसका सारखाच. मणी भरत आलेले असताना कडाका पडला तर फुगवण थांबते, साखर उतरावयाची राहते, आणि थंडी-ऊन यांचा खेळ वाढला की मणी तडकतात. म्हणून ही मंडळी पहाटे तीनला उठून बागेत जागोजाग शेकोट्या पेटवितात, धूर धरतात आणि विहिरीचे त्यातल्या त्यात उबदार पाणी ठिबकने सोडतात. मी फोन करून विचारले तेव्हा ते म्हणाले, "दाजी, थंडी येणार असं तोंडातून काढू नका." मी म्हटले, "मग आभाळ राहू दे तसंच." त्यावर ते अधिकच कळवळले. "आभाळ राहिलं तर भुरी येते!" म्हणजे थंडी नको आणि थंडी अडविणारे ढगही नकोत. परमेश्वराने नेमके काय करावे हे त्यांनी सांगितले नाही, परंतु जे काय करावे ते व्यापारी बागेवर येण्यापूर्वी करावे एवढी त्यांची अपेक्षा दिसली.

त्यांच्याच शेजारच्या शिवारात आमच्या मामांचा गहू. फुटवे धरावयास व दाणा भरावयास त्याला थंडी लागते. मामा रोज रात्री अंगणात येऊन आभाळ फाटले का ते पाहतात आणि फाटले नसेल तर मेहुण्यांच्या बागेकडे अशा नजरेने बघतात की जणू शेकोट्यांच्या धुराचेच ते ढग झाले आहेत. दोघांच्या मध्ये एक बांध आहे, आणि त्या बांधावरून गेली तीस वर्षे दिवाणी दावा चालू आहे. आता हवामानाचाही वाद त्यात सामील करावा काय, असा सल्ला मामांनी मला गंभीरपणे विचारला.

तिसरा पक्षकार देवगडचा आमचा चुलतभाऊ. त्याचे म्हणणे ऐकून तर मी अवाक् झालो. कोकणात हापूसला मोहोर यावा म्हणून डिसेंबरात थंडीची प्रार्थना करतात. ती आली, मोहोर आला, कणी धरली, फळे वाटाण्याएवढी झाली, आणि अशा वेळी थंडी दुसऱ्यांदा आली तर कलम पहिल्या बाळंतपणातून उठण्यापूर्वीच पुन्हा मोहोरते. त्याला पुनर्मोहोर म्हणतात. मग झाडाचा सारा जीव नव्या मोहोराकडे धावतो आणि धरलेली फळे टपटप गळून पडतात. "पहिली थंडी लक्ष्मी रे भाऊ," चुलतभाऊ म्हणाला, "दुसरी आली की समज, सावकार." एकाच थंडीकरिता एकाने अभिषेक करावा, दुसऱ्याने ती टळावी म्हणून नारळ फोडावा व तिसऱ्याने तारीख पाहून नवस पालटावा, असा हा मामला आहे. त्या नारळाचे तेल निघून शेवटी माझ्या कोनाड्यात येते हे वेगळेच.

फेब्रुवारीच्या २ तारखेस रात्री आमच्या भाच्याचा पिट्सबर्गहून दूरध्वनी आला. तिकडे जानेवारीत मध्येच चार दिवस बर्फ वितळले होते आणि थंडी आता परत येणार काय याची त्यालाही चिंता होती. परंतु त्याचा निर्णय त्या दिवशी सकाळीच लागला होता. त्याच्या गावापासून ईशान्येस पंक्ससटॉनी म्हणून एक गाव आहे. तेथे १८८७ पासून दर २ फेब्रुवारीस, उजाडताना, उंच काळ्या टोप्या घातलेली प्रतिष्ठित मंडळी एका टेकाडावर जमतात आणि बिळातून ग्राउंडहॉग नावाचा, खारीच्या कुळातला पण घुशीहून थोराड असा एक प्राणी बाहेर काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे, न दिसली तर वसंत लवकर. जर्मनीतून तिकडे गेलेल्या लोकांनी आपल्याकडची ही समजूत बरोबर नेली. मायदेशी हे काम बिज्जूकडे असे, तो नव्या मुलखात हाताशी न आल्यामुळे जागा याने भरण्यात आली. हा प्राणी प्रमुखाच्या कानात आपले मत सांगतो व प्रमुख ते सभेस जाहीर करतो. १८८७ पासून आजतागायत हाच एक प्राणी कामावर आहे असे ते लोक हसू न येऊ देता सांगतात. आमच्याकडचा चिरंजीव अश्वत्थामा कपाळाच्या जखमेसाठी दारोदार तेल मागत हिंडतो; त्यांच्या चिरंजिवाला निदान वर्षातून एकदा तरी काम आहे. "मग काय निघाला निकाल?" मी विचारले. सावली दिसली होती. परंतु मी कॅलेंडर काढून पाहिले तर २ फेब्रुवारीपासून सहा आठवडे मोजले असता मार्चचा मध्य येतो, आणि दिवसरात्र समान होण्यास मग आठवडाही उरत नाही. तेव्हा सावली दिसो वा न दिसो, त्या प्राण्याने आजवर कोणाचे फारसे बिघडविलेले नाही. त्याचे भाकीत निम्म्याहून अधिक वेळा चुकते असे भाचा म्हणाला. पोस्टमास्तरांच्या गुडघ्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, म्हणून त्याची अब्रू शाबूत आहे.

आणि मग, त्यानंतरच्या शनिवारी, ती आली. दुपारीच वारा फिरला. गॅलरीतल्या वाळत घातलेल्या पंच्यांनी एकदम तोंडे दक्षिणेकडे केली. संध्याकाळी आभाळ इतके निर्मळ झाले की पर्वतीमागचा तारा न् तारा मोजून घ्यावा. रात्री दहा वाजता मी एक सोलापुरी चादर अंगावर घेतली. ती फर्दीतून अनवधानाने सुटलेली चौथी होती. बारा वाजता तिच्यावर बैठकीची सतरंजी घेतली. दोन वाजता सतरंजीवर धोतराची दुहेरी घडी, आणि साडेतीनला, मान्य करण्यास संकोच वाटतो, कालचे व परवाचे वर्तमानपत्र. ते कुरकुरू लागले तसा सौ.चा आवाज पलीकडच्या पलंगावरून आला.

"काय चाललंय?"

"थंडी आलीय."

"जरा गारवा आहे. थंडी नव्हे. थंडी असती तर तेल थिजलं असतं. जाऊन बघा."

मी उठलो, न्हाणीघरात गेलो, दिवा लावला. कोनाड्यातली बाटली खरोखरच गंगाजळासारखी स्वच्छ होती. तळाशी एक कणीही धरलेली नव्हती. अव्वल कारकुनाच्या कागदनिष्ठ मनाला क्षणभर असे वाटले की चूक माझ्या दातांचीच असावी, ते विनापुरावा वाजत आहेत. मी बाटली हातात घेतली, आणि मग ती दोन्ही तळहातांत धरून तेथेच काही वेळ उभा राहिलो, कारण बाटली छान कोमट होती. खाली मोरीच्या काठावर तिच्या मापाचे एक पातेले होते व त्यातल्या पाण्यातून अजून किंचित वाफ निघत होती. उद्या रविवार, सौ.चा न्हाण्याचा वार. आता मला आठवले की जानेवारीतला तो तेल ओसंडण्याचा दिवसही न्हाण्याचाच वार होता.

मी काही बोललो नाही. शिडी खालच्या बिऱ्हाडकरूंनी रंगकामासाठी नेलेली होती, म्हणून पाटावर स्टूल, स्टुलावर खोके असा डोलारा रचून मी माळ्यापर्यंत पोचलो, पितळी कडी हळूच उचलली आणि झाकण वर केले. डांबराच्या गोळ्यांचा वास नाकात गेला. झाकणाच्या आतल्या बाजूस माझ्याच अक्षरातली, माझ्याच सहीची फर्द होती: रजया, नग ४. मी विजेरी तोंडात धरून मोजू लागलो. निळी, माझी. पाहुण्यांची एक. पाहुण्यांची दुसरी. मी चादरी उचलून पाहिल्या, कानटोप्या बाजूला केल्या, खाकी स्वेटर झटकला, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"सापडली का हो?" खालून सौ.ने विचारले. आवाज अगदी दबका, घुसमटलेला, कापसाच्या जाड थराखालून यावा तसा येत होता.